आधी गाडी चालवा, मग तिच्यात घर करा : नाशिककरांसाठी छोट्या डिझेल कॅम्परव्हॅनची सुरुवात

गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलावू नका. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. महिनाभर रिकामी गाडी चालवा. मागे एक गादी, पाण्याचा जार आणि टॉर्च टाकून गंगापूर धरणाच्या बाजूला दोन रात्री काढा. घर पंधरा-वीस किलोमीटरवर असतं, काही बिनसलं तर अर्ध्या तासात परत येता येतं. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून तोंडावर येतं, उठताना डोकं कुठे लागतं, चहाचं भांडं हात लांबवल्यावर कुठे सापडायला हवं, हे त्या दोन रात्रींत कळतं. कागदावर काढलेल्या नकाशात ते दिसत नाही.

आम्ही दोघांनी याच्या उलट केलं होतं. आधी कपाटं, ओटा, पलंग, आणि मग पहिला मोठा प्रवास. कसारा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. अंबडच्या गॅरेजमध्ये दाखवली तर मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "ताई, आधी काटा करून या," एवढंच म्हणाले. वजनकाट्यावर गाडी आमच्या हिशेबापेक्षा सव्वादोनशे किलोनं जड निघाली. निम्मं सामान उपटून काढावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा सगळा क्रम लिहितेय.

गाडी निवडताना

एक गोंधळ आधी मिटवू. आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोलेरो कॅम्पर येते. ती पुढे दोन रांगा आणि मागे हौदा असलेली पिकअप आहे, आपल्याला हवी ती व्हॅन नव्हे. एजंटला फोन करताना 'बंद बॉडीची व्हॅन' असं स्पष्ट सांगा. ईको आटोपशीर असते, पण ती पेट्रोल आणि सीएनजीवर चालते, म्हणून या लेखात ती नाही.

डिझेलमध्ये दोन माणसांसाठी खऱ्या अर्थानं विचार करावा अशा दोन गाड्या : टाटा विंगर आणि आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली फोर्स ट्रॅव्हलर. विंगर पुढच्या चाकांवर ओढते. मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट नसल्यामुळे तिचा तळ खाली असतो आणि आत उंची जास्त मिळते. पण मागे वजन भरलं आणि खडीचा चढ लागला की पुढची चाकं जागेवर फिरू लागतात. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते. पायरी उंच पडते, मात्र भरल्या गाडीनं चढ चांगला काढते. तुम्ही मुख्यतः डांबरी रस्त्यानं फिरणार असाल तर माझा कौल विंगरला. पेठ-सुरगाण्याच्या आतल्या वाड्यांपर्यंत वारंवार जाणार असाल तर ट्रॅव्हलर घ्या.

उंच छपराच्या गाडीत ताठ उभं राहता येतं, आणि पाठीसाठी ते फार मोठं सुख आहे. पण सोसायटीच्या पार्किंगची कमान, हॉटेलचा पोर्च, उंची अडवणारा लोखंडी आडवा खांब हे सगळं मग आपल्या वाट्याला येतं. टेप घेऊन गाडीची खरी उंची मोजा, वर सौर पॅनेल आणि पंख्याचं झाकण बसलं की पुन्हा मोजा, आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. गार इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं आणि धूर कसा सोडतं, यात निम्मी परीक्षा होते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पुढचं बोलणं करू नका. दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी गंजासाठी नखानं टोकरून बघा. आणि सपाट रस्त्यावर चक्कर मारून समाधान मानू नका, चढ काढून बघा. क्लच घसरतोय की नाही ते तिथेच कळतं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण याच टप्प्यावर चुकलं तर पुढचं सगळं अडतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बदल पडेल असं काहीही परस्पर करता येत नाही. सीट काढणं, छप्पर उंचावणं, बॉडीला खिडकी पाडणं या कशालाही हात लावण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. खासगी वापराची कॅम्परव्हॅन हा नोंदणीतला वेगळा प्रकार आहे, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बांधणी करणाऱ्या कारागिराला हे मानक माहीत आहे का, हा पहिलाच प्रश्न विचारा. पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी वाहतुकीची गाडी स्वस्त मिळते, पण ती खासगी करून घेण्याचा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा. बदल नोंदले गेले की विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

काढता-घालता येणारं, सुटं सामान ही सुरुवातीला सगळ्यात शहाणपणाची वाट. पट्ट्यांनी आवळलेली पेटी, घडीचा पलंग, उचलून बाहेर काढता येणारी शेगडी. वर्षभर असंच राहून बघा.

चालवायला शिकताना

मोटारीपेक्षा व्हॅनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या. वळताना मागचं चाक आतून कापतं, म्हणून वळण जरा उशिरा आणि मोठं घ्यायचं. आणि रिकामी गाडी थांबते त्याच अंतरात भरलेली गाडी थांबत नाही. सराव गंगापूर रोडनं गिरणाऱ्यापर्यंत करा, रविवारी सकाळी सहाला. नंतर त्र्यंबक रोड. द्वारका आणि मुंबई नाका महिनाभर टाळलेत तरी काही बिघडत नाही.

मग घाट. नाशिकचा माणूस घाट टाळून फार लांब जाऊच शकत नाही : मुंबईकडे कसारा, पुण्याकडे संगमनेरच्या पुढचा चंदनापुरी, गुजरातकडे सापुतारा, वणीला नांदुरीहून गड. चढताना इंजिन गुदमरेपर्यंत वाट बघू नका, आवाज जड झाला की लगेच गिअर खाली घ्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीला इंजिननं धरून ठेवू द्या, ब्रेक मधून मधून लावा आणि सोडा. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरत राहिलात तर ब्रेक तापतात आणि एका वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, तापलेल्या ब्रेकवर पाणी मुळीच ओतू नका. न्यूट्रलमध्ये उतार उतरून डिझेल वाचतं असं सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका, यात जीव गेलेत. अरुंद घाटात चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि माणुसकीही.

मोठा चढ संपवून लगेच चावी फिरवू नका. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो प्रचंड तापलेला असतो आणि इंजिन बंद झालं की त्याच्याकडे जाणारं ऑइल थांबतं. मिनिटभर गाडी तशीच सुरू राहू द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात लख्ख ऊन असलं तरी घोटीच्या पुढे वायपर बंद करता येत नाही, हे आपल्याला पाठ आहे. इगतपुरी-कसाऱ्याच्या धुक्यात दिवे लोअरवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत परततो. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. पावसात दरडीच्या बाजूला गाडी उभी करून फोटो काढायचा मोह झाला तर आधी मान वर करून डोंगर बघा.

समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा असली तरी उंच छपराची व्हॅन ८०-९० लाच सुखात असते. त्यापुढे आडवा वारा गाडीला ढकलतो आणि डिझेलचा काटा झरझर खाली येतो. निघण्याआधी टायर गार असताना हवा तपासा. तासन्‌तास एकाच वेगानं तापलेल्या काँक्रीटवर धावताना कमी हवेचा टायर फुटतो.

आणि रात्री लासलगाव, पिंपळगाव, चांदवड या पट्ट्यात शक्यतो चालवू नका. कांद्याचे ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. चालवणारा शेतकरी दिवसभर राबून बाजार समितीची रांग गाठायला निघालेला असतो. अंधारात ते ओझं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

डीपीएफचं खरं दुखणं

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. धुरातली काजळी अडवणारी एक गाळणी, म्हणजे डीपीएफ, सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली असते. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून काजळी जाळते. त्यासाठी एक्झॉस्ट खूप तापावा लागतो, आणि तो तापतो सलग चालण्यानं. कॉलेज रोडवर भाजी आणणं, शाळेत सोडणं, एसीसाठी उभ्या उभ्या इंजिन सुरू ठेवणं, यानं गाळणी तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद जाते आणि गॅरेजचं बिल मोठं येतं.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेवर सलग चालवा, घोटीपर्यंत किंवा पिंपळगावपर्यंत, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवून. काजळी जाळण्याचं काम सुरू असल्याचं दिसलं तर मध्येच बंद करू नका. या वेळी एक्झॉस्ट पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, म्हणून दिवाळीनंतर वाळलेल्या गवतात गाडी कधीही घालू नका. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या पायथ्याचं गवत पेटायला एवढी उष्णता पुरते. कॅम्परवाल्यानं वणवा लावला असं आपल्यापैकी कुणाबद्दल कधी ऐकू येऊ नये.

डिझेल टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. पेट्रोलची गाडी टाकी संपली तरी पेट्रोल ओतलं की चालू होते, डिझेलची होत नाही. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली तर ती हातपंपानं काढावी लागते. फिल्टरमधलं पाणी सोडायचा स्क्रू कुठे आहे तेवढं मिस्त्रींकडून एकदा बघून घ्या.

आतलं काम : वजनाचा हिशेब

आता सुताराला बोलवा. त्याला एकच वाक्य सांगा : हे घराचं फर्निचर नाही. १८ मिमीची आठ-बाय-चार प्लाय साधारण ३५ किलोची असते, १२ मिमीची तेवीसच्या आसपास. चार पाट्यांत जवळजवळ पन्नास किलोचा फरक पडतो. जिथे माणूस बसणार-झोपणार तिथे १२ मिमी, बाकी ठिकाणी त्याहून पातळ, आणि दारांऐवजी जाड कापडाचे पडदे किंवा जाळी. सनमायका, आरसे, ग्रॅनाइटचा ओटा हे विसरा. जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये ठेवा, डाव्या-उजव्या बाजूचा तोल बघा. काम झालं की पाणी, गॅस, कपडे, दोन माणसं असं सगळं भरून काटा करा आणि आरसी बुकातल्या भरल्या गाडीच्या एकूण वजनाशी ताडून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्यायला सांगितलं तर काटेवाले देतात.

छताला उष्णतारोधक थर मात्र कंजुषी न करता लावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि पत्र्याचं छप्पर तव्यासारखं तापतं. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो नायट्राइल रबराचा काळा फोम अंबड-सातपूरकडे सहज मिळतो. थंडीसाठी हीटरच्या मागे लागू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांखाली उतरतो त्या रात्रीही दोन चांगल्या रजया आणि पायमोजे पुरतात. दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ येतात आणि गादीखाली बुरशी धरते.

वीज

छोटा कंप्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ०.४ युनिट घेतो. रात्रभर एक पंखा ०.२, दिवे आणि मोबाइल मिळून आणखी ०.१. म्हणजे रोज ०.७ युनिट. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पावणेतेरा व्होल्टनं सव्वा युनिटच्या थोडी वर साठवते, तेव्हा दीड दिवस निघतो. साधी लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, त्यामुळे तिच्यातून खरी वीज निम्मीच मिळते. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी झोपायच्या जागेत ठेवू नका.

छतावर २०० वॉटचं पॅनेल हिवाळ्याच्या निरभ्र दिवसात एवढा खर्च बहुतेक भरून काढतं. पावसाळ्यात ते जवळजवळ शोभेचंच. म्हणून चालत्या गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर पॅनेलच्याही आधी घ्या. ३० अँपिअरचा चार्जर तासाला ०.४ युनिटच्या आसपास भरतो, दोन तासांच्या प्रवासात दिवसाची सोय होते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. इंडक्शन शेगडी आणि मिक्सर यांच्या नादी लागलात तर मोठा इन्व्हर्टर, मोठी बॅटरी, पुन्हा वजन.

गॅस, पाणी आणि संडास

गॅस पाच किलोच्या सिलेंडरचाच, घरचा १४.२ किलोचा गाडीत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशीच भोक हवं, थेट गाडीबाहेर उघडणारं. स्वयंपाक दार उघडं ठेवून करा. थंडी घालवायला कोळशाची शेगडी किंवा घमेलं आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. त्याचा अलार्म छोटासा असतो, तो घ्या.

दोन माणसांना काटकसरीनं रोज वीस लिटर पाणी पुरतं. चाळीस लिटरची टाकी, म्हणजे चाळीस किलो, आणि पिण्याचा वेगळा जार. भांड्यांचं सांडपाणी डब्यात साठवा आणि घरी किंवा पंपाच्या गटारात ओता. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, तिच्या काठावर साबणाचं पाणी सोडून कसं चालेल? सुटा, बंद टाकीचा संडास घ्या, विशेषतः बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. रात्री बाहेर जायला लागू नये याचं दुसरंही एक कारण आहे. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. रात्री दार उघडायचंच असेल तर आधी आतून आवाज करा, टॉर्च चारी बाजूंना फिरवा, लहान मुलांना एकटं उतरवू नका, आणि उरलेलं अन्न बाहेर टाकू नका. त्यानं कुत्री येतात, कुत्र्यांमागून बिबट्या.

रात्र कुठे काढायची

उजेड असतानाच थांबा. हा नियम आम्ही मोडत नाही. गंगापूर धरणाजवळचं एमटीडीसीचं ग्रेप पार्क, भंडारदऱ्याच्या तळ्याकाठचे तंबूवाले, हायवेवरचे चोवीस तास चालणारे पंप, गावातलं मंदिराचं पटांगण. जिथे जाल तिथे आधी विचारा. "रामराम दादा, रात्रभर इथं गाडी लावली तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा चहाच येतो. दूध, भाजी, अंडी त्याच गावातून घ्या आणि कचरा आपल्यासोबत परत आणा.

पावसाळ्यात मुरमाची किंवा खडीची जागा सोडून काळ्या मातीत चाक घालू नका. संध्याकाळी कोरडी वाटणारी ती माती रात्रीच्या एका सरीनंतर चाकाला पोत्यासारखी लपेटते. अडकलातच तर ॲक्सिलरेटर देत राहू नका, चाक अजून खोल जातं. टायरची थोडी हवा कमी करा, चाकाखाली बारदान किंवा पाचट टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. नाहीतर ट्रॅक्टर बोलवा आणि दोरी पुढच्या टो-हुकलाच बांधा, बंपरला नव्हे.

गाडी जरा तिरकी असेल तर डोकं चढाच्या बाजूला ठेवून झोपा. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि चाकाला लाकडी गुटका. समोरची चालकाची सीट रिकामी ठेवा, चावी एकाच ठरलेल्या खिळ्याला. रात्री काही खटकलं तर वाद न घालता निघून जाता आलं पाहिजे.

नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंग गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत, नांदुरीला गाडी लावून एसटीनं वर जावं लागतं. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याचे शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा. सिंहस्थाच्या काळात पंचवटी आणि त्र्यंबककडे व्हॅन नेण्याचा विचार सोडून द्या, त्या दिवसांत गाडी घेऊन उलट्या दिशेला, चांदवडच्या डोंगरांकडे निघा.

गाडी उभी असते तेव्हा

महिन्यात दोन-चार दिवसच फिरणं होतं, बाकी गाडी दारात असते. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यापेक्षा आठवड्याला हायवेची ती अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारा, बॅटरी आणि डीपीएफ दोन्हींचं भलं होतं. फ्रिजचं दार गुटका लावून उघडं ठेवा. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण काढून ठेवा. खाण्याचा एक कणही आत राहू देऊ नका, उंदीर आधी बिस्किटाचा पुडा खातात आणि मग वायरिंग. पुढच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडून टॉर्चनं वायरी बघा, टायरांत हवा भरा, डिझेल भरून घ्या आणि पहाटे पाचला निघा. त्या वेळी पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंतचा रस्ता मोकळा असतो.